परसातल्या कोंबड्यांसाठी शहाद्यातील एक भरवशाचे दुकान

शहाद्याच्या बाजारपेठेत पोल्ट्रीचे साहित्य विकणाऱ्या बहुतेक दुकानांचा व्यवहार शेडवाल्यांशी, म्हणजे मोठ्या शेडमध्ये हजारोंनी कोंबड्या पाळणाऱ्या व्यावसायिकांशी चालतो. नवापूरसारखे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र याच जिल्ह्यात असल्याने ते स्वाभाविकही आहे, परंतु परसात चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्यापुढे तेथे पन्नास किलोचे पोते आणि हजार पक्ष्यांच्या हिशेबाची औषधे ठेवली जातात. बाजारपेठेतील एक लहानसे दुकान याला अपवाद आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आमच्या एका पिल्लावर मांजराने झडप घातली. पाठीवरची कातडी पंखाच्या मुळापर्यंत फाटली होती आणि एक पाय ते टेकवत नव्हते. दुकानदारांनी टोपलीतून पिल्लू हातात घेतले, मांडीपासून बोटांपर्यंत हाड हलकेच चाचपले, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिले आणि पाय मोडलेला दिसत नाही, मुरगळला असावा, असे सांगितले. मी प्रतिजैविकाची पुडी मागितली, ती मात्र त्यांनी दिली नाही. मांजराच्या दातांची जखम वरून लहान दिसली तरी आत खोल जाते आणि लाळेतील जंतूंमुळे एक-दोन दिवसांत विष पसरू शकते. म्हणून औषध लागणारच, पण कोणते आणि किती हे पशुवैद्यकाने ठरवावे, असे सांगून त्यांनी आम्हाला आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात धाडले. हातचे गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन परतल्यावर त्यांनी मोजकेच साहित्य दिले. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी आणि पाच टक्के पोविडोन आयोडीनच्या मलमाचा पातळ थर द्यावा, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे जखमेत हळद दाबून भरण्याची रीत आहे, पण तिचा थर वाळून खपली धरतो आणि खालची घाण आतच राहते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज वापरल्यास नव्याने भरणारे मांसही जळते, हेही त्यांनी आपणहून बजावले. पावसाळ्यात माश्या जखमेवर अंडी घालतात आणि अळ्या पडतात, त्यासाठी खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधण्याची सूचना आम्हाला विशेष उपयोगी पडली. जखमेला तूस चिकटू नये म्हणून खोक्यात जुने सुती कापड अंथरले. रक्त दिसले की इतर पिल्ले तेथेच टोचतात, म्हणून त्याला वेगळे ठेवणे भाग होते. मात्र एकटे पडलेले पिल्लू ओरडून थकते आणि दाणा सोडते, त्यामुळे मध्ये जाळी लावून ते आईच्या नजरेसमोरच ठेवले.

उबेसाठी घेतलेल्या बल्बबाबत मात्र माझी तक्रार आहे. बल्ब ठीक होता, पण होल्डरची वायर बारीक आणि आखूड निघाली, आणि खोक्यात बल्ब पडला तर आग लागण्याची भीती असते. आम्ही तो लोखंडी तारेने वरच्या आढ्याला वेगळा बांधून घेतला. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ती कमी करायची असते. खानदेशात मे महिन्याच्या दुपारी बल्ब लावण्याचा प्रश्नच येत नाही, पौष महिन्यातल्या रात्री मात्र त्याच्याशिवाय निभत नाही. बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर ठेवावा, म्हणजे चोच उघडून धापा टाकणाऱ्या पिल्लाला दूर सरकता येते.

सुटे स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे सुरुवातीचे खाद्य अर्धा किलोही मिळते, ही या दुकानाची मोठी सोय आहे. तथापि, उघड्या पोत्यावरची तारीख सहज दिसत नाही. मक्याच्या खाद्याला ओलसर हवेत बुरशी लागते आणि तिचे विष पिल्लांच्या यकृताला बाधते, त्यामुळे पोत्याची चिठ्ठी पाहूनच खाद्य घ्यावे. मागितल्यावर ती दाखवतात.

आमचे पिल्लू आता दोन्ही पायांवर चालते आणि पाठीवर नवे पीस फुटत आहे. अर्थात हे सारे एकट्या जखमी पिल्लापुरते आहे. खुराड्यातले अनेक पक्षी एकाएकी मान टाकू लागले, तर त्यांना दुकानात मुळीच नेऊ नये. नवापूरने २००६ आणि २०२१ साली बर्ड फ्लू पाहिलेला आहे. अशा वेळी तत्काळ सरकारी दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे.

आठवडे बाजाराच्या दिवशी दुकानदारांना बोलायला सवड नसते, म्हणून इतर दिवशी सकाळी जावे. पिल्लू टोपलीत ठेवून वरून फडके बांधावे, आणि सुट्या खाद्यासाठी घरून कोरडा, घट्ट झाकणाचा डबा न्यावा.