गाय घ्यावी की शेळ्या? अर्ध्या एकरावर, नोकरी सांभाळून

मावसभावाने भोरजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर दोन खोल्या बांधल्या आणि गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं, "दादा, आधी गाय आणू की शेळ्या?" फोनवर उत्तर अर्धवट राहिलं. हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. गोठ्याची मापं आणि चाऱ्याची कोष्टकं कुठेही मिळतील, ती इथे देत नाही.

आमची परिस्थिती आधी सांगतो, कारण माझं सगळं मत तिच्यावरच उभं आहे. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे वीस गुंठे. मी शिवाजीनगरला नोकरी करतो, बायको पिरंगुटला शाळेत शिकवते, आई घरी असते पण तिच्या बोटांना संधिवात आहे. मुलं दोन. 2017 च्या दसऱ्यापासून अडीच वर्षं आमच्याकडे गीर गाय होती, गौरी. 2020 च्या दिवाळीपासून शेळ्या आहेत. म्हणजे दोन्हींचं शेण-लेंडी उचलून झालेलं आहे.

गायीचं आधी सांगतो, कारण तिच्याबद्दल माझ्या मनात आजही माया आहे. गौरी भरात असताना दोन्ही वेळचं मिळून सात लिटर दूध द्यायची. बाजारात हा आकडा मोठा नाही, पण पाच माणसांच्या घराला तो ओसंडून वाहतो. आईने वीस वर्षांनी पुन्हा विरजण लावायला घेतलं. सकाळी ताक घुसळायचं, लोणी कढवलं की बेरी मुलांनी साखर घालून खायची, आणि महिन्याला तीन किलोच्या आसपास तूप. हे सुख शेळी देत नाही. शेळीच्या दुधातले स्निग्धकण बारीक असतात, त्यामुळे साय नीट धरत नाही. तूप काढायचंच म्हटलं तर मेहनत फार आणि हाती थोडं, तेही पांढरं. ज्यांच्या घरात दूध म्हणजे साय-लोणी-तूप, त्यांनी इथेच गायीकडे वळावं, मी अडवणार नाही.

दुसरं म्हणजे चारा. मुळशी भाताचा मुलूख. सुगी झाली की पेंढा दारात येतो, आणि गाय तो मुकाट खाते. वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, जोडीला पाच-सहा किलो पेंढा किंवा कडबा आणि खुराक एवढ्यावर तिचा दिवस जातो. शेळी पेंढ्याला तोंडही लावत नाही. तिला झाडपाला हवा. उंबर, शेवरी, हादगा, सुबाभूळ, फणसाचा पाला, आणि तोही मान वर करून ओढून खाता आला पाहिजे. जमिनीवर पडलेला, पायाखाली आलेला पाला ती हुंगून सोडून देते. आम्ही पहिले दोन महिने पाला खाली टाकत होतो आणि निम्मा वाया जात होता. मग जुड्या बांधून आडव्या बांबूला टांगायला लागलो, तेव्हा काड्या तेवढ्या उरायला लागल्या. सुबाभूळ मात्र एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका. त्यात मायमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, जास्त झालं तर जनावराचे केस झडतात. कुंपणाला शेवरी आणि हादगा लावून दोन पावसाळे गेले की चार-पाच शेळ्यांचा बराचसा पाला घरचाच होतो, पण ही दोन वर्षं कळ काढावी लागते.

आणि झाडं. शेळ्या आणणार असाल तर आधी कुंपण, मग शेळी, हा क्रम चुकवू नका. दावं सुटल्यावर एका दुपारी आमची केशर आंब्याची अकरा कलमं शेंड्यांसकट गेली. गौरी सुटली तरी गवतातच चरत राहायची.

इथवर पारडं गायीकडेच झुकलेलं दिसेल, आणि कागदावर मांडलं तर ते तसंच आहे. माझ्यासाठी ते फिरलं ते संध्याकाळच्या सहा वाजता.

गाय दोन वेळा पिळावी लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. पण माहीत असणं आणि रोज संध्याकाळी सहाला कुणीतरी गोठ्यात हजर असणं, यातलं अंतर गाय दारात आल्यावर कळतं. त्यात देशी गाय हाताला ओळखते. वासराने ढुशी दिली, ओळखीचा हात फिरला, की पान्हा सुटतो, आणि तो पाच-सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात कास रिकामी करायची. अनोळखी माणूस बसला तर गाय दूध चोरते, म्हणजे कासेतच रोखून धरते. गौरी बायकोच्या हाताला पान्हवायची, आणि वर्षभरानंतर कुरकुरत माझ्या. तिसऱ्या कुणालाही तिने कधी कासेला नीट हात लावू दिला नाही. म्हणजे आमच्या दोघांपैकी एक रोज सहाला घरात पाहिजे. नगरला लग्न असलं तर एकाने जायचं. शाळेतलं स्नेहसंमेलन संध्याकाळचं असलं तर मुलांसोबत एकच पालक. अडीच वर्षांत आम्ही चौघं मिळून एकदाही मुक्कामाला गेलो नाही.

मग 2019 चा जुलै आला. सासऱ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून बायको मुलांना घेऊन नगरला गेली होती. गौरी महिन्याभरापूर्वीच व्यायलेली, कास भरलेली. त्या दिवशी पावसाने ताल धरला होता. मी चारलाच ऑफिसातून निघालो, चांदणी चौकात पाऊण तास, भूगावात दीड तास, आणि पुढे रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. गाडी ना पुढे ना मागे. साडेसातला आईचा फोन आला, पलीकडून गौरीचं हंबरणं ऐकू येत होतं. वस्तीवरचे काका येऊन बसले, त्यांचं सगळं आयुष्य गुरांत गेलेलं, पण गौरीने त्यांना पान्हा दिला नाही. शेवटी आईने वासरू सोडलं. त्या महिन्याभराच्या वासराने दोन सड पिऊन पोट भरलं, उरलेले दोन तसेच राहिले.

मी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बॅटरीच्या उजेडात कासेला हात लावला तर मागचा डावा भाग दगडासारखा लागला आणि गरम. गौरीने पाय उचलला, पण मारलं नाही, नुसता उचलून धरला. पहिल्या चार धारांत दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि दह्यासारख्या गाठी आल्या. दगडी, म्हणजे कासेचा दाह झाला होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पाच दिवस इंजेक्शनं, सडात औषधाच्या नळ्या, वासराला अति दुधाने हगवण लागली तिचं वेगळं. दोन्ही वाचली. पण गौरीचा तो मागचा डावा सड पुन्हा कधी दुधाला आला नाही.

एका रात्रीवरून गायीला नावं ठेवू नयेत, हे मान्य. अनुभवी माणसं म्हणतील की गडी ठेवायचा. आम्ही शोधला. आमच्या भागातली तरणी माणसं पिरंगुटच्या कारखान्यांत शिफ्टला जातात, पहाटे पाचला आणि संध्याकाळी सहाला एका गायीसाठी येणारा माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी गाय त्याला स्वीकारेपर्यंत महिना जातो. वासरू गायीजवळ मोकळं ठेवून एकच वेळ पिळण्याचा प्रयोगही केला. वासरू मोठं झाल्यावर तो चालतो, पहिल्या दोन महिन्यांत दूध त्याच्या पोटाला झेपत नाही. फाल्गुनात आम्ही गौरी आणि कालवड वस्तीवरच्या काकांच्याच गोठ्यात दिली. तिथे घरात सहा माणसं आहेत, संध्याकाळी कुणी ना कुणी असतंच. दोन महिन्यांनी ती काकूंच्या हाताला पान्हवायला लागली.

शेळ्यांमध्ये नेमकं हेच ओझं उतरतं. आमची पद्धत अशी: रात्री करडं वेगळ्या खणात कोंडायची, सकाळी साडेसहाला आयांना पिळायचं आणि मग करडं सोडून द्यायची. दिवसभर ती पितात, संध्याकाळी पिळायचं कामच नाही. शेळीला सड दोनच, पाच मिनिटांत एक शेळी होते. मुलगी सातवीत असताना हे शिकली, आता नववीत आहे आणि शाळेच्या दिवशीही एक शेळी तीच पिळते. परगावी जायचं असेल तर रात्री करडं आयांजवळच ठेवायची, शेजारी येऊन पाला टांगतात आणि पाणी बदलतात. गेल्या मे महिन्यात आम्ही चौघं तीन दिवस हर्णैला राहून आलो. आल्यावर कासा व्यवस्थित होत्या.

दूध अर्थात कमी. दोन शेळ्या दुधात असल्या तर सकाळचं मिळून लिटरभर. चार-पाच महिन्यांनी आटतात, मग पुढचं वेत येईपर्यंत डेअरीची पिशवी. वास येतो अशी तक्रार बरेच जण करतात. माझ्या अनुभवात तो वास बोकडाचा असतो, दुधाचा नसतो. बोकड दुधाळ शेळ्यांपासून लांब ठेवला आणि दूध लगेच गाळून तापवलं की चहाला फरक कळत नाही. आम्ही बोकड पाळतच नाही. शेळी माजावर आली की दोन दिवस शेपटी हलवत ओरडते, तेव्हा तिला वाडीतल्या बोकडाकडे नेतो. चुकलं तर एकवीस दिवसांनी पुन्हा. गाभण काळ पाच महिने, बऱ्याचदा जुळी, म्हणून दोनाच्या नऊ व्हायला वेळ लागत नाही. संख्या किती हे आधीच ठरवा. आम्ही पाच मोठ्यांवर थांबतो.

त्यातून येणारा प्रश्न टाळता येत नाही: नर करडांचं काय? दुधात न परवडणाऱ्या गोऱ्ह्याचं, म्हणजे नर वासराचं काय, हा प्रश्न गायीतही आहे. 2015 पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे नांगराला न जाणारा गोऱ्हा जन्मभर सांभाळायचा किंवा सांभाळणारं घर शोधायचं. बोकडाला गिऱ्हाईक दारात येतं, आणि ते कशासाठी आलंय हे मुलांना कळतं. पहिल्या वर्षी धाकट्याने एकाचं नाव टिपू ठेवलं होतं. टिपू गेला त्या दिवशी तो जेवला नाही, आणि आम्हीही त्याला खोटं सांगितलं नाही. आता नर करडांना नाव ठेवायचं नाही, असं मुलांनीच ठरवलंय. हे तुमच्या घराला सोसेल का, ते प्राणी आणण्याआधी बसून बोला. आमच्याकडे हे आजही हलकं झालेलं नाही.

पावसाचं मात्र नीट ऐका, विशेषतः मुळशी, वेल्हे, मावळ या पट्ट्यात. शेळीला पाऊस सोसत नाही. आम्ही चाकणच्या बाजारातून उस्मानाबादी आणल्या, काळ्याभोर, देखण्या, पण कोरड्या मुलुखातल्या. पहिल्या आषाढात दोन्ही खोकायला लागल्या, खुरं सडायला आली. मग जमिनीपासून दोन फूट उंच बांबूचा माच केला, लेंड्या आणि मूत फटीतून खाली पडतं, अंग कोरडं राहतं. तेव्हापासून खोकला गेला. आज नव्याने घेतल्या असत्या तर कोकण कन्याळ बघितल्या असत्या, त्या जातीला पावसाची सवय असते. सासवड-पुरंदरकडे असाल तर उस्मानाबादी किंवा संगमनेरी निर्धास्त घ्या. मृगाआधी आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची) लस चुकवू नका, पीपीआरचीही (शेळ्यांच्या प्लेगचीही) घ्या. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर पोटफुगी होते, तेव्हा सकाळी आधी थोडा सुका चारा, मग बाहेर. अडीअडचणीला पशुसंवर्धन खात्याचा 1962 हा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

बिबट्या हे शेळीचं आणखी एक ओझं. गायीच्या गोठ्याला अर्धी भिंत चालून गेली होती. शेळ्यांना चारही बाजूंनी, वरूनसुद्धा, जाळी लागली आणि खर्च अंदाजाच्या दीडपट झाला. त्यात काटकसर करू नका.

स्वच्छतेत शेळी मला सोपी वाटते. लेंडी कोरडी असते, खराट्याने दहा मिनिटांत माचाखालचं झाडून होतं, शाळेच्या कपड्यांतही करता येतं. शेतीसाठी शेण हवं, जीवामृत करायचंय, गोबरगॅस लावायचाय, तर शेळी तुमच्या कामाची नाही. भाजीच्या वाफ्यांना मात्र लेंडीखतासारखं खत मी पाहिलं नाही.

तेव्हा, घरात दिवसभर धडधाकट माणूस असेल, संध्याकाळी सहाला गोठ्यात जाणं ज्याला ओझं वाटणार नाही असं कुणी असेल, तर गाय आणा, आणि तिचं सुख घ्या. दोघंही नोकरीला असाल आणि घर ते ऑफिस या वाटेत भूगाव किंवा नवले पुलासारखा कोंडीचा टप्पा येत असेल, तर मी शेळ्या म्हणेन. दिवाळीनंतर घ्या, म्हणजे पावसाळ्याआधी त्यांना तुमचं घर आणि तुम्हाला त्यांचं खोकणं-ओरडणं कळायला सात महिने मिळतात. दोन घ्या. एकटी शेळी दिवसरात्र ओरडते.

वसुबारसेला आई आजही पुरणाचा घास आणि ओवाळणीचं ताट घेऊन काकांच्या गोठ्यात जाते. गौरी तिला लांबून ओळखते, मान पुढे करते. आमच्याकडची सिमेंटची गव्हाण आईने मोडू दिलेली नाही. बायको रिटायर झाली की गाय आणायची, असं ती म्हणते. तोवर दुपारी करडं त्या गव्हाणीत एकावर एक चढून झोपतात.