सिंगल ब्लाइंड की डबल ब्लाइंड पीअर रिव्ह्यू?

शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी तो तपासणं म्हणजे पीअर रिव्ह्यू. त्याच्या सिंगल ब्लाइंड प्रकारात परीक्षकाला लेखकाचं नाव दिसतं, लेखकाला परीक्षकाचं नाही. याचा फायदा म्हणजे लेखकाच्या गटाचं आधीचं काम आणि हितसंबंध लगेच तपासता येतात. पण नावाचं वजन निकालावर पडतंच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अर्थशास्त्राचा एकच निबंध वेगवेगळ्या नावांनी परीक्षकांकडे गेला. नवख्या लेखकाच्या नावाने सुमारे ६५ टक्के परीक्षकांनी तो नाकारला, नोबेलविजेत्याच्या नावाने फक्त २३ टक्क्यांनी. नाव झाकल्यावर नकार ४८ टक्के.

म्हणून डबल ब्लाइंड बरं, म्हणजे दोघांनाही एकमेकांचं नाव दिसत नाही; पण ते पाळणं किचकट. शीर्षकपान वेगळं द्यायचं. आभार, अनुदान क्रमांक, एथिक्स कमिटीचं नाव काढायचं. ‘आम्ही पूर्वी दाखवल्याप्रमाणे’ हे तृतीयपुरुषी करायचं. वर्डच्या प्रॉपर्टीजमधलं नाव आणि कोडची गिटहब लिंक हमखास विसरली जाते. प्रीप्रिंट (परीक्षणाआधीचा मसुदा) आधीच अर्काइव्हसारख्या खुल्या साइटवर असेल तर शीर्षक गूगल केलं की सगळं उघड! छोट्या उपशाखेत तर संदर्भसूचीवरूनच लेखक ओळखू येतो.

बनावट डेटा मात्र दोन्हींतून निसटतो, कारण परीक्षक सहसा कच्च्या नोंदी तपासत नाहीत. नवख्या संशोधकाला पर्याय मिळाला, तर डबल ब्लाइंडच निवडावं.