अनुदान, करवजावट की स्वस्त कर्ज? उद्यमबागेतल्या कारखानदारासाठी

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात नवीन कास्टिंग, म्हणजे धातू ओतून केलेला भाग, उभं करताना पैसा कुठं मुरतो, हे फाउंड्रीवाल्याला सांगायला नको. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी घ्या. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) झाला, कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) झाला, सॅम्पल ओतलं, मशिनिंगही उरकलं आणि प्रेशर टेस्टला तेल पाझरलं. गेटिंग (रस साच्यात जाण्याची वाट) बदला, रायझर (जादा रसाचा साठा) हलवा, पुन्हा ओता. रिजेक्ट माल परत भट्टीत जातो. वीज, मजुरी आणि मशिनिंगचे तास मात्र गेले ते गेलेच. या खर्चाला सरकारचा हातभार घ्यायचा, तर वाटा तीन.

करवजावट. संशोधन कुठलं करायचं हे तुम्हीच ठरवता, हा तिचा मोठा गुण. पण नफा असेल तरच ती कामाची. शिवाय तिची धारही गेली आहे. 2010-11 ते 2016-17 या काळात मान्यताप्राप्त संशोधन विभाग असलेल्या कंपनीला खर्चाच्या 200 टक्के वजावट मिळायची. पुढे ती 150 टक्के झाली, एप्रिल 2020 पासून 100. म्हणजे 10 लाख खर्चावर 25 टक्के दराने पूर्वी 5 लाख कर वाचायचा, आता अडीच. तेवढा तर पगार-विजेच्या खर्चावरही वाचतो. फायदा उरला तो यंत्रांचा: संशोधनासाठी घेतलेल्या स्पेक्ट्रोमीटरची (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राची) किंमत घसाऱ्याने तुकड्यातुकड्याने न जाता त्याच वर्षी पूर्ण वजा होते. त्यासाठी ट्रायलचा हिशेब उत्पादनापासून वेगळा ठेवा.

अनुदान. लहान कारखान्याला मी हेच सुचवीन. सॅम्पल पास होईल की नाही याची खात्री नसताना बँक दारात उभी करत नाही, आणि नेमका तेव्हाच पैसा हवा असतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने लहान कंपन्यांना दिलेल्या अनुदानांचा अभ्यास अर्थतज्ज्ञ सबरीना हॉवेल यांनी 2017 मध्ये मांडला. दीड लाख डॉलरच्या पहिल्या टप्प्याने कंपनीला खासगी भांडवल मिळण्याची शक्यता जवळपास दुप्पट झाली, कारण नमुना प्रत्यक्ष बनवून दाखवता आला. दहा लाख डॉलरच्या दुसऱ्या टप्प्याचा तसा परिणाम दिसला नाही. थोडा पैसा, पण वेळेवर, हे मला त्यातलं खरं वाटतं.

गुएलेक आणि व्हान पोटल्सबर्ग या अर्थतज्ज्ञांनी 17 प्रगत देशांची आकडेवारी तपासली. तिथं सरकारच्या एका डॉलरमागे एकूण सरासरी 1.70 डॉलरचं संशोधन झालं. अनुदानाचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की परिणाम उतरत गेला. म्हणून अर्जाआधी स्वतःला विचारा: हे काम मी नाहीतरी करणारच होतो का? तसं असेल तर सरकारी पैसा येईल आणि तुमचा तेवढाच पैसा दुसरीकडे वळेल. नवं काहीच घडणार नाही.

स्वस्त कर्ज. सॅम्पल पास झाल्यावरची ही वाट. केंद्राचं तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत 5 टक्के साध्या व्याजाने कर्ज देतं. ट्रायलच्या टप्प्यावर मात्र कर्ज नको. ट्रायल फसली तरी हप्ता टळत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. बेळगावातल्या कित्येकांचं एक युनिट इकडे आणि दुसरं हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत असतं. केंद्राच्या योजनांना त्याने फरक पडत नाही. पण कर्नाटक सरकारच्या ‘एलिव्हेट’ योजनेतलं 50 लाखांपर्यंतचं अनुदान कर्नाटकातल्या स्टार्टअपसाठी आहे. तेव्हा नव्या कामासाठी वेगळी कंपनी काढणार असाल, तर ती कुठल्या पत्त्यावर नोंदवायची हे आधी ठरवा, पॅटर्नची ऑर्डर नंतर द्या.