म्हातारा दरोडेखोर: ‘द ग्रे फॉक्स’ पाहावा की ‘ब्लॅकथॉर्न’?

चरित्रपट हवा असेल तर ‘द ग्रे फॉक्स’ (१९८२) लावा. ‘ब्लॅकथॉर्न’ला (२०११) चरित्रपट म्हणणं धाडसाचं ठरेल. अमेरिकन दरोडेखोर बुच कॅसिडी १९०८ मध्ये बोलिव्हियातल्या सान विसेंते गावी मारला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हा सिनेमा मात्र तो वाचला असं धरून चालतो आणि १९२७ मध्ये नाव बदलून घोडे पाळणारा कॅसिडी दाखवतो.

‘द ग्रे फॉक्स’चा बिल मायनर घोडागाड्या लुटून तुरुंगात गेलेला. १९०१ मध्ये सॅन क्वेन्टिनमधून सुटतो तेव्हा त्या धंद्याचे दिवस सरलेले असतात. मग एका थिएटरात तो रेल्वेदरोड्याचा मूकपट पाहतो. बाकीचे प्रेक्षक करमणूक करून घेतात, हा गडी धंदा शिकतो! सिनेमाची सगळी गंमत या प्रसंगात आहे, आणि रिचर्ड फार्न्सवर्थ तो जवळजवळ फक्त डोळ्यांनी करतो. फार्न्सवर्थ आधी कित्येक वर्षं स्टंटमन होता, त्यामुळे घोड्यावरची त्याची बैठक उसनी वाटत नाही.

खरा मायनर सिनेमापेक्षा कमी चतुर होता. मे १९०६ मध्ये कॅनडातल्या कॅम्लूप्सजवळ डक्स इथे त्याच्या टोळीने गाडी अडवली, पण इंजिनासोबत भलताच डबा सोडवून नेला. ऐवजाचा डबा मागेच राहिला. हाती लागले जेमतेम १५ डॉलर आणि लिव्हरच्या गोळ्या. काही दिवसांतच माउंटेड पोलिसांनी तिघांना पकडलं. मायनरला जन्मठेप झाली आणि १९०७ मध्ये तो तुरुंगातून निसटला. सिनेमा इथेच आटोपतो, हे सोयीचंच आहे म्हणा. पुढे १९११ मध्ये जॉर्जियात पुन्हा रेल्वेदरोडा, पुन्हा अटक आणि १९१३ मध्ये कैदेतच मृत्यू, हा भाग पडद्यावर येत नाही. फोटोग्राफर केट फ्लिन हे पात्रही काल्पनिक आहे, पण जॅकी बरोजने ते असं केलंय की तक्रार करवत नाही.

गोळीबाराच्या आशेने बसाल तर ‘ग्रे फॉक्स’ संथ वाटेल. ती हौस ‘ब्लॅकथॉर्न’ बऱ्यापैकी भागवतो. उयुनीच्या पांढऱ्याशुभ्र मिठागरावरचा पाठलाग मोठ्या पडद्यावरच पाहावा, मोबाइलवर नुसता पांढरा चौकोन दिसेल. सॅम शेपर्डचा खर्जातला कॅसिडी झकास आहे. पटकथा मात्र जुने दिवस आठवायला वारंवार मागे जाते आणि दर वेळी लय तुटते.

‘ब्लॅकथॉर्न’मध्ये बरेच संवाद स्पॅनिश आहेत, तेव्हा सबटायटल्स आधी तपासा. ‘ग्रे फॉक्स’ची जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली प्रत घेऊ नका, त्यात रात्रीचे प्रसंग काळेठिक्कर दिसतात. २०२० मधली फोर-के दुरुस्त प्रत मिळाली तर तीच घ्या.