घोरण्यासाठी दातात लावायचं उपकरण, पाच महिने वापरून झाल्यावर (नाशिक)

आमच्या मिस्टरांना हे लावायला लागून पाच महिने झाले म्हणून आता लिहितेय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर चुकीचं लिहिलं असतं, का ते पुढे येईलच.

हे अंबड एमआयडीसीत कामाला आहेत, वय ४८, आणि घोरणं लग्नाच्या आधीपासूनचं. घरात सगळे म्हणायचे दमून येतो बिचारा, गाढ झोप लागते म्हणून घोरतो, मीही तेच धरून चालले होते. मागच्या दिवाळीत मुंबईहून परत येताना घोटीच्या अलीकडे गाडी चालवता चालवता ह्यांची मान खाली गेली, तीही दुपारी चार वाजता, मी दंड धरून ओरडले म्हणून गाडी डिव्हायडरला लागली नाही. मागे दोन्ही मुलं होती. त्या रात्री मी झोपलेच नाही, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून ह्यांच्या शेजारी बसून राहिले. घोरणं चालू असायचं आणि मग एकदम शांत. छाती वरखाली होतेय, पोट हलतंय, पण नाकाखाली बोट धरलं तर हवाच नाही. २३ सेकंद! मग एकदम हुंदका दिल्यासारखा मोठा श्वास, दचकून कूस बदलली आणि परत घोरणं सुरू. इतकी वर्षं मी त्या शांततेला शांत झोप समजत होते.

भाच्याने लगेच ऑनलाईन दातात लावायचं एक उपकरण मागवून दिलं, गरम पाण्यात टाकून मऊ करायचं आणि चावून दातांचा ठसा घ्यायचा असं, हजाराच्या आत. तीन रात्री टिकलं, झोपेत तोंडातून निघून पडायचं आणि चौथ्या दिवशी खालच्या दाढेची कॅप हलायला लागली. पैसे गेले त्याचं काही नाही, पण ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, आहे की नाही, किती आहे, हे काहीच माहीत नसताना आम्ही ते तोंडात घातलं, ते चुकलंच.

मग छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी घरीच स्लीप टेस्ट करायला मशीन दिलं, नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, एवढंच. झोपेत श्वास निदान १० सेकंदांसाठी पूर्ण थांबतो किंवा बराच कमी होतो, असं तासाला किती वेळा होतं तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर गंभीर. ह्यांचा आला २६, आणि रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरलेला. तो रिपोर्ट हातात घेऊन मी पार्किंगमध्ये रडले, खरं सांगते.

डॉक्टरांनी आधी सीपॅपच सांगितलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घशातली वाट उघडी ठेवणारं मशीन. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन ह्या डॉक्टरांनी ते दाखवून दिलं, आणि गंभीर ॲप्नियाला आजही तोच पहिला उपाय. आम्ही दीड महिना भाड्याने आणून मनापासून प्रयत्न केला, मास्कही दोनदा बदलून बघितला. पण रात्री दोन-अडीचला झोपेतच हे तो काढून फेकायचे, सकाळी त्यांना आठवायचंही नाही. ज्यांना जमतं त्यांनी तेच वापरावं, दातातलं उपकरण सीपॅपइतका आकडा खाली आणतंच असं नाही हे आम्हाला डॉक्टरांनी सरळ सांगितलं. पण जे मशीन रात्रभर कपाटावर पडून राहतं त्याचा उपयोग तरी काय? अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिन आणि डेंटल स्लीप मेडिसिनच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून काढलेल्या गाईडलाईनमध्येही तेच आहे, की सीपॅप सोसत नसेल किंवा नको असेल तर मोठ्या माणसांना दातांचं उपकरण द्यावं, पण मापाचं आणि पुढेमागे करता येईल असं, आणि नंतर परत टेस्ट करून खात्री करावी.

दातांच्या एका दवाखान्यात तर रिपोर्ट बघायच्या आधीच माप घ्यायला बसवत होते, तिथून आम्ही उठून आलो. शेवटी कॉलेज रोडच्या बाजूला दातांच्या ज्या मॅडमकडे केलं त्यांनी पहिल्या दिवशी माप घेतलंच नाही. रिपोर्ट वाचला, छातीच्या डॉक्टरांना फोन लावला, हिरड्या तपासल्या, प्रत्येक दात हलवून बघितला, कानापाशी बोटं ठेवून जबडा उघड-मिट करायला लावला. हलणारे दात, हिरड्यांचा आजार किंवा जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर आधी ते बरं करायचं, मग हे. ह्यांची ती कॅप आधी पक्की करून घेतली. ह्याच गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते.

उपकरण म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारे दोन पारदर्शक साचे, दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आणि ते फिरवायला टाचणीएवढी किल्ली. झोपेत खालचा जबडा मागे पडतो, त्याच्याबरोबर जीभ मागे जाते आणि घसा अरुंद होतो, उताणं झोपलं की जास्तच. हे साचे खालचा जबडा पुढे धरून ठेवतात, बस. ह्यांचा जबडा पुढे जास्तीत जास्त १० मिलिमीटर येत होता, मॅडमनी सुरुवात ५ वर केली आणि आठवड्याला एकदा पाव मिलिमीटर, शनिवारी रात्री मी चष्मा लावून दोन्ही बाजूंना किल्ली फिरवायचे.

त्रास झाला नाही असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा लाळ इतकी की उशीवर टॉवेल टाकावा लागला, पुढचे दात ठणकायचे, कानापुढे जबडा अवघडायचा. सकाळी उपकरण काढलं की वरच्या-खालच्या दाढा एकमेकींवर बसतच नाहीत, पोहे चावताना हे म्हणाले कोणीतरी दुसऱ्याचे दात लावलेत असं वाटतंय. त्यासाठी एक छोटी पट्टी देतात, सकाळी ती चावून जबडा जागेवर आणायचा, मग अर्ध्या तासात ठीक होतं. हा व्यायाम टाळायचा नाही, कारण वर्षानुवर्षं वापरून काहींची चावण्याची ठेवण कायमची थोडी बदलते, मॅडमनी ते आधीच सांगून सही घेतली होती. धुवायला मऊ ब्रश आणि साबणाचं साधं पाणी, गरम पाणी अजिबात नाही, साचा वाकडा होतो.

चौथ्या आठवड्यात घोरणं बंद झालं. मी मधेच जागी होऊन ऐकायचे तर नुसता पंख्याचा आवाज. हे म्हणाले झालं, आता कशाला परत टेस्ट आणि परत खर्च, आणि मलाही तसंच वाटत होतं. मॅडम अडूनच बसल्या म्हणून केली, तर एएचआय १४! ऑक्सिजन ८४ पर्यंत उतरत होता. म्हणजे आवाज गेला होता पण श्वास थांबणं चालूच होतं, फक्त आता मला ते ऐकू येत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. तेव्हाच हे लिहून टाकलं असतं तर घोरणं महिन्यात बरं झालं म्हणून सगळ्यांना सांगत सुटले असते, आणि कोणीतरी वाचून टेस्ट न करता तसाच राहिला असता. म्हणून कळकळीने सांगते, घरच्यांच्या कानावर जाऊ नका, टेस्ट परत कराच.

नंतर अजून चार आठवडे स्क्रू फिरवून ७ मिलिमीटरपर्यंत आणलं, तिसऱ्या टेस्टला एएचआय ६ आला आणि ऑक्सिजन ८९ च्या खाली गेला नाही. अजून पाचच्या खाली नाही, पण दोन्ही डॉक्टर ह्यावर समाधानी आहेत, वजन तीन-चार किलो कमी करा आणि कुशीवर झोपा म्हणाले. सकाळचं डोकं जड होणं थांबलं, सेकंड शिफ्टहून आल्यावरही जेवताना नीट बोलतात. मागच्या रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, गाडी हेच चालवत होते आणि येताना मला झोप लागली. दिवाळीनंतर गाडीत मी पहिल्यांदा डोळे मिटले.

खर्च सगळा मिळून ४० हजारांच्या आसपास गेला, त्यात तिन्ही टेस्ट आल्या, इन्शुरन्सने काही दिलं नाही. ५ पैकी ४ देईन, एक कापला तो फॉलोअपच्या अपॉइंटमेंटसाठी, शिफ्टवाल्या माणसाला सकाळी ११ ची वेळ देऊन भागत नाही, दोनदा रजा टाकावी लागली.

सासऱ्यांना पण हेच करून द्या असं घरात चाललंय, पण त्यांना वरखाली पूर्ण कवळी आहे, साचा धरून राहायला दातच नाहीत, त्यामुळे हे त्यांना चालणार नाही असं मॅडमनी सांगितलं. त्यांची स्लीप टेस्ट येत्या सोमवारी आहे.