टेन्स मशीन: हाडाच्या दुखण्यावर वापरताना

खिशात मावेल एवढं यंत्र, दोन वायरी आणि चार चिकट पॅड, एवढाच टेन्सचा, म्हणजे कातडीवरून नसांना विजेचा सौम्य प्रवाह देणाऱ्या यंत्राचा, पसारा. कॅन्सर खुब्याच्या हाडात उतरल्यापासून मी ते वापरते आहे. मत आधीच सांगते: उठता-चालताना होणाऱ्या दुखण्यासाठी जरूर वापरून बघा, पण पडल्यापडल्या आतून ठणकतं त्यासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

माझं दुखणं दोन तऱ्हांचं आहे. ठणका कायमचा, तो मॉर्फिनने आटोक्यात राहतो. कळ मात्र खुर्चीतून उठताना, कूस बदलताना, पायरी चढताना खुब्यातून थेट मांडीत जाते. डोस वाढवला की कळही कमी होते, पण मग सगळा दिवस गुंगीत जातो आणि पोट साफ होत नाही. त्या कळेपुरतं काहीतरी हवं होतं, म्हणून फिजिओथेरपिस्टने हे सुचवलं.

कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, तसंच काहीसं हे यंत्र करतं. स्पर्शाच्या नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडतो, ही मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलेली कल्पना. टेन्स त्यातूनच पुढे आलं.

पॅड मुलगी लावून देते. कातडी धुऊन अगदी कोरडी करायची, तेल-क्रीम काही नको. स्पर्श नीट कळतो अशा जागी, दुखऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना पॅड बसवायचे आणि मगच मशीन चालू करायचं. "आई, लागतंय का?" "अजून थोडं वाढव." झिणझिण्या जोरकस हव्यात, पण सोसवतील इतपतच. नुसती गुदगुली होत असेल तर उपयोग नाही. मी ८० ते १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या ठोक्यांवर, ठेवते. मग उठते, भिंतीला धरून खोलीभर फिरते. कळ येते, पण तिची धार बोथट झालेली असते आणि दात आवळावे लागत नाहीत. मशीन बंद केलं की थोड्या वेळाने सगळं पूर्ववत, त्यामुळे हालचालीच्या आधी लावणंच फायद्याचं.

दोन-चार हर्ट्झचा संथ मोडही आहे. तो शरीरातल्या मॉर्फिनसारख्या द्रव्यांच्या वाटेने काम करतो असं मानतात, त्यामुळे आधीच मॉर्फिन चालू असलेल्यांना त्याचा गुण कमी येऊ शकतो. मला तर काहीच आला नाही.

पुरावा मात्र तोकडा आहे. उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात मोठ्या माणसांच्या कॅन्सरच्या वेदनेवरचे निकषांत बसणारे अभ्यास तीनच, रुग्ण सगळे मिळून ८८. उपयोग होतो की नाही, ते त्यावरून ठरवता आलं नाही. त्यातल्या २४ जणांच्या एका छोट्या अभ्यासात हाडाच्या दुखण्याला आरामात असताना नाही, पण हालचालीच्या वेळी फायदा होत असावा असं दिसलं. माझा अनुभव हुबेहूब तोच. इतक्या साध्या उपायावर इतकं कमी काम व्हावं, याचा मला खरंच राग येतो.

तक्रारी दोन. पॅडचा चिकटपणा लवकर जातो. कडा सुटली की प्रवाह एका जागी एकवटतो आणि चटका बसल्यासारखं होतं. दुसरी, माझ्या मशीनवर जोर वाढवायची चाकी उघडी आहे. कुशीवर वळताना ती फिरली की दचकवणारा झटका बसतो. लॉक असलेलं मशीनच घ्या.

पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, बधिर कातडीवर किंवा रेडिएशनने हुळहुळलेल्या जागी पॅड नको. थेट गाठीवर लावायचं का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांनीच सांगायचं. आंघोळीत आणि गाडी चालवताना मशीन बंद. आणि हाडात कॅन्सर असताना दुखणं एकाएकी वाढलं, पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर पॅड लावत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

विकत घेण्याआधी फिजिओथेरपीच्या विभागात एकदा लावून बघता येईल का, ते विचारा. बघताना नुसतं पलंगावर पडून राहू नका. उठा, चाला, दुखतं तीच हालचाल करून बघा.