ऑटोकॅड: रिबनवरची चित्रं की टाइप केलेली अक्षरं?

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रिबन, म्हणजे वरची चित्रांच्या बटणांची पट्टी, २००९ च्या आवृत्तीत आली. नवशिक्याला ती खरंच आधार देते, कारण चित्र दिसतं आणि नाव पाठ करावं लागत नाही. हॅचचे (भाग भरायच्या रेघोट्यांचे) नमुने निवडायला मीही तिथेच जातो.

पण भिंती काढायला बसलात की हिशेब बदलतो. रिबनवर प्रत्येक वेळी कर्सर वर न्यायचा, परत खाली आणायचा, आणि नजर ड्रॉइंगवरून हटते ती वेगळीच. त्यापेक्षा डावा हात कीबोर्डवर ठेवा आणि कमांडचे संक्षेप टाइप करा. एल म्हणजे लाइन, ओ म्हणजे ऑफसेट (ठरावीक अंतरावर समांतर रेषा), टीआर म्हणजे ट्रिम (जादा रेषा छाटणं). स्पेसबार हाच एंटर, आणि रिकाम्या कमांड लाइनवर (कमांड टाइप होते त्या ओळीवर) तो दाबला की मागचीच कमांड पुन्हा सुरू होते. नऊ इंची भिंतीच्या दोन रेषा ऑफसेट करताना हे सुख कळतं.

अडचण एकच: एल, ओ, एम (मूव्ह) ही अक्षरं कीबोर्डच्या उजव्या बाजूला, डाव्या हाताला लांब पडतात. उपाय आहे. संक्षेपांची यादी एकेड डॉट पीजीपी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. सी हे अक्षर सर्कलला आहे, पण प्लॅनमध्ये कॉपी कितीतरी जास्त लागते, म्हणून मी ते कॉपीला दिलं. फाइल सेव्ह करून रीइनिट ही कमांड चालवली की बदल लगेच लागू.

दुसऱ्याच्या मशीनवर मात्र मूळचेच संक्षेप मिळतात, तेव्हा तेही लक्षात असू द्या.